बुखलोव्हित्सेचा वाडा आणि वेठीचा हिशेब

राजवाडे, किल्ले, जुन्या बागा पाहण्याची हौस सर्वांनाच असते. शाळेची सहल निघाली की मुले ओळीने आत जातात, झुंबरे पाहतात, भिंतीवरच्या तसबिरी पाहतात, आणि "केवढे मोठे लोक होते हे!" असे म्हणत बाहेर येतात. ते लोक मोठे कशाने झाले, हा प्रश्न बहुधा आतच राहतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटासाठी कारकुनी करणारे आणि उरलेल्या वेळात वस्तीच्या कामात असणारे. त्यामुळे भव्य काही दिसले की आमच्या मनात पहिला विचार हिशेबाचा येतो. खर्च कोणी केला, श्रम कोणाचे, आणि जमेच्या बाजूला नाव कोणाचे लागले? गेल्या उन्हाळ्यात परदेशातला एक जुना वाडा व त्याची बाग पाहण्याचा योग आला. तेथेही आम्ही हाच हिशेब मांडून पाहिला. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आमचा भाचा चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात संगणकाच्या नोकरीला आहे. वस्तीतल्या पालिकेच्या शाळेत शिकलेला हा मुलगा. त्यानेच तिकिटे पाठवून आम्हां उभयतांना बोलावून घेतले. एका रविवारी तो म्हणाला, "मामा, मामी, आज तुम्हाला खेड्यातला एक सुंदर वाडा दाखवतो." ब्रनोहून एस. टी. सारखी बस पूर्वेकडे निघाली. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते, मध्येच लाल कौलांची गावे. साठेक किलोमीटरवर, ख्रिबी नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी बुखलोव्हित्से हे गाव आहे. त्या भागाला मोराव्हिया म्हणतात.

वाटेत स्लावकोव्ह लागते. शाळेच्या इतिहासात ज्याला आपण ऑस्टर्लिट्झ म्हणून वाचले तेच हे गाव. २ डिसेंबर १८०५ रोजी नेपोलियनने ऑस्ट्रिया व रशियाच्या सम्राटांचा येथे पराभव केला. तेथून काही मैलांवर स्लाव्हीकोव्हित्से नावाचे खेडे आहे. त्या खेड्याची गोष्ट भाच्याने बसमध्येच सांगितली. १९ ऑगस्ट १७६९ रोजी सम्राट दुसरा जोसेफ त्या वाटेने चालला होता. शेतात नांगर चालू पाहून तो थांबला आणि शेतकऱ्याच्या हातचा नांगर घेऊन त्याने स्वतः थोडी जमीन नांगरली. तो नांगर जपून ठेवला गेला, त्या जागी स्मारक झाले, प्रसंगाची चित्रे निघाली. गोष्ट ऐकून सौ. म्हणाली, "राजाने चार तास मारले तर त्याचे स्मारक. ज्याने जन्मभर नांगर धरला त्याचे काय?" भाचा हसला, पण आम्हाला त्या वाक्याने दिवसभर सोबत केली.

आता वाड्याकडे वळू. डोंगरावर बुखलोव्ह नावाचा जुना किल्ला आहे. त्याचे मालक पेत्रव्हाल्दस्की घराण्यातील सरदार होते. किल्ला थंड, अडचणीचा आणि राहण्यास गैरसोयीचा. तेव्हा यान द्येत्रिख पेत्रव्हाल्दस्की या सरदाराने १७०० च्या सुमारास पायथ्याच्या गावात पत्नीसाठी इटालियन धर्तीचा नवा वाडा बांधायला घेतला. आराखडा दोमेनिको मार्तिनेल्ली या इटालियन वास्तुशिल्पकाराचा मानला जातो. स्लावकोव्हच्या वाड्याशीही याच मार्तिनेल्लीचे नाव जोडलेले आहे. ही जी शैली, तिला 'बरोक' म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातील राजे, सरदार व धर्मपीठे यांनी ती उचलून धरली. वळणदार भिंती, घुमट, पुतळे, जिने, कारंजी. पाहणाऱ्याने थक्क व्हावे आणि मालकाचे मोठेपण बोलण्याआधीच मान्य करावे, असा तिचा रोख.

बुखलोव्हित्सेला दोन इमारती आहेत. दोन्ही अर्धगोलाकार आणि समोरासमोर, जणू घोड्याचे दोन नाल तोंडाला तोंड लावून ठेवलेले. उतारावर खालच्या अंगाला मालकाचा वाडा, वरच्या अंगाला नोकरचाकर, घोडे, कोठारे यांची इमारत, आणि दोहोंच्या मध्ये गोलसर अंगण. खालच्या वाड्याच्या मधोमध घुमटाचे उंच दालन आहे. त्या दालनातून बाहेर पाहिले की बाग पायरीपायरीने उतरत जाताना दिसते. मधली वाट सरळ, तिच्या दोन बाजूंना सारखीच फुलझाडे, सारखीच कुंपणे, कातरून भिंतीसारखी केलेली झाडे. डावीकडे जे आहे ते उजवीकडेही असलेच पाहिजे. मालक दालनाच्या मध्यभागी उभा राहिला की सारे जग त्याच्यापासूनच सुरू होते असे वाटावे, अशी ही रचना आहे. सुंदर आहे यात वाद नाही. आमची सौ. चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यांतून तुळस, गवती चहा आणि मोगरा लावणारी. ती तर त्या बागेत हरखूनच गेली. उन्हाळ्यात तेथे फुक्शिया नावाच्या, कर्णफुलासारख्या लोंबणाऱ्या फुलांच्या शेकडो जाती मांडतात. एकेका कुंडीपुढे ती थांबत होती. एवढ्यात मोठ्याने केका ऐकू आली. पाहतो तो काय, हिरवळीवर चक्क मोर! "हा तर आपल्याकडचा," सौ. म्हणाली. खरोखरच तो मूळचा आपल्या देशातला पक्षी. युरोपातल्या सरदारांनी शोभेसाठी बागेत पाळला आणि तो तेथलाच झाला.

खालच्या अंगाला बाग हळूहळू बदलते. सरळ रेषा संपतात आणि मोठाले वृक्ष मन मानेल तसे वाढलेले दिसतात. ही पुढच्या काळातली इंग्रजी धर्तीची बाग. तिच्यात दूरदूरच्या देशांतून आणलेली झाडे आहेत. येथे झाडाला कोणी चौकोनी कापत नाही. दुपारी गावातली माणसे तेथे बाकांवर बसली होती. म्हाताऱ्या बाया विणकाम करीत होत्या, एक तरुण बाप बाबागाडी ढकलत चालला होता. शोभा पाहावी तर ही, असे आम्हाला वाटले.

वाड्याच्या आतला भाग मार्गदर्शकाबरोबर पाहावा लागतो. आमच्या तुकडीला एक तरुण मुलगी मिळाली. ती चेक भाषेत सांगत होती आणि भाचा हळू आवाजात मराठी करीत होता. तसबिरी झाल्या, चिनी मातीची भांडी झाली, पलंग झाले. शेवटी तिने विचारले, "कोणाला काही विचारायचे आहे?" सौ.ने भाच्याला कोपराने ढोसले. "विचार तिला, हा वाडा ज्यांनी उभारला त्यांना मजुरी किती मिळाली?"

"मामी, इथे असे कोणी विचारत नाही."

"म्हणून तर विचारायचे."

त्याने विचारले. मुलगी क्षणभर थांबली, आणि तिने एकच शब्द उच्चारला: रोबोता. मग तिने तो समजावून सांगितला. त्या काळी तेथील कुळे जहागीरदाराच्या जमिनीला बांधलेली असत. जमीन कसायची तर मालकाकडे ठराविक दिवस फुकट राबले पाहिजे. त्या फुकट राबण्याला रोबोता म्हणत. मालकाची नांगरणी, कापणी, लाकूडतोड ही कामे रोबोतात होत. बांधकाम निघाले की दगड, विटा, चुना वाहण्याचे काम अशाच रयतेकडून करून घेण्याची रीत होती. आराखडा करणाऱ्याचे नाव पुस्तकात राहिले. गाडे ओढणाऱ्यांची नावे त्या खोल्यांत आम्हाला कोठे दिसली नाहीत.

वाचकहो, रोबोता म्हणजे आपली वेठबिगार. भाचा म्हणाला, "मामा, ज्या 'रोबॉट' शब्दाचे आम्ही ऑफिसात दिवसभर जप करतो, तो याच शब्दावरून आला." आम्ही चकितच झालो. पण गोष्ट खरी आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. त्यात माणसासारखे दिसणारे, माणसासाठी राबणारे कृत्रिम मजूर होते. त्यांना काय म्हणावे हे सुचेना, तेव्हा त्याचा भाऊ योसेफ याने 'रोबोट' हा शब्द सुचविला. आज जगातील सर्व भाषांत गेलेला हा शब्द वेठीला धरलेल्या शेतकऱ्याच्या घामातून निघाला आहे.

ही वेठ कशी गेली तेही पाहण्यासारखे आहे. रयत निमूटपणे राबत नव्हती. १६८० साली बोहेमियात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तो मोडून काढण्यात आला, पण सरकारला रोबोताचे दिवस मर्यादित करणारे फर्मान काढावे लागले. १७७५ साली पुन्हा उठाव झाला, पुन्हा फर्मान निघाले. मोठ्या कुळांना आठवड्यातून तीन दिवसांपर्यंत, आणि ज्यांना जमीनच नाही त्यांनाही वर्षाचे तेरा दिवस फुकट काम. मग १ नोव्हेंबर १७८१ रोजी, तोच नांगर धरणारा सम्राट जोसेफ याने दास्य रद्द केले. त्या दिवसापर्यंत कुळाला लग्न करायचे, गाव सोडायचे किंवा मुलाला एखादा धंदा शिकवायचा, तर मालकाची परवानगी लागत असे. ती अट गेली. रोबोता मात्र त्यानंतरही राहिली. ती अखेर १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी संपली. तेव्हाही मालकांना भरपाई ठरली, आणि हिशेब असा झाला की एक हिस्सा मालकाने सोडायचा, एक हिस्सा सरकारी तिजोरीने द्यायचा आणि एक हिस्सा कुळाने स्वतः भरायचा! पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्याने सुटकेची किंमतही आपल्याच खिशातून द्यावी, हा जमाखर्च आमच्यातील कारकुनाला कोणत्याच खात्यात बसविता येईना.

हे ऐकताना आमचे आजोबा डोळ्यांपुढे उभे राहिले. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, आणि गावचा निरोप, मयताची बातमी, सरकारी सारा घेऊन दहा-दहा कोस पायपीट. त्याला वतन असे गोंडस नाव होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या वेठीवर घाव घालण्यासाठीच. पुढे राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. इंग्रजीत लिहिलेल्या त्या कलमात 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. एक शब्द नाटकातून जगभर गेला, एक शब्द घटनेत बसला. दोघांची जात एकच.

येथवर वाचून कोणी म्हणेल की असला वाडा पाहायचाच कशाला? पण बुखलोव्हित्सेची खरी गोष्ट यापुढे आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

पुढे हा वाडा बेर्खटोल्ड घराण्याकडे आला. या घराण्यात लिओपोल्ड बेर्खटोल्ड नावाचा एक मनुष्य १७५९ साली जन्मला. सरदाराच्या घरचा, पण त्याची वाट निराळी. तो वर्षानुवर्षे युरोपात व भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हिंडला. रोगराईला आळा कसा घालावा, पाण्यात बुडालेल्यांना कसे वाचवावे, याच्या माहितीची पुस्तके त्याने छापून लोकांत वाटली. १७८९ साली त्याने लंडनमध्ये इंग्रजीतून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रवाशाने परमुलखात गेल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, याचा तो ग्रंथ. शेती, उद्योग, व्यापार, लोकांची स्थिती अशा एकेका विषयावर त्यात प्रश्नांच्या याद्याच आहेत. प्रवास म्हणजे करमणूक नव्हे, दुसऱ्या देशातली चांगली गोष्ट शिकून आपल्या लोकांच्या उपयोगी आणणे होय, अशी त्याची दृष्टी होती. आमच्या सौ.ने हा ग्रंथ पाहिलेला नाही, पण मार्गदर्शक मुलीला तिने जो प्रश्न केला तो याच जातीचा होता.

१८०९ साली ऑस्ट्रिया व नेपोलियन यांचे पुन्हा युद्ध जुंपले. जखमी व आजारी सैनिकांचे लोंढे येऊ लागले. तेव्हा लिओपोल्डने आपला वाडा इस्पितळासाठी खुला केला. ज्या दालनांत मेजवान्या व्हायच्या तेथे खाटा लागल्या. तो नुसता देणगी देऊन बसला नाही. स्वतः रुग्णांच्या उशापायथ्याशी राबला. त्यांच्यातूनच त्याला साथीचा ताप लागला आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात तो वारला. त्याचा भाऊ बेडरिख हाही वैद्य, शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने यान स्वातोप्लुक प्रेस्ल याच्याबरोबर १८२० साली वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो चेक भाषेत. त्या काळी विद्येची व दरबाराची भाषा जर्मन होती, आणि चेक ही शेतकऱ्यांची व चाकरांची भाषा समजली जाई. ज्ञान लोकांच्या भाषेत आणणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बागेतील दूरदेशीच्या वृक्षांच्या मागेही या भावाची विद्या आहे.

आता दुसरी बाजू. त्याच घराण्यात, अगदी त्याच नावाचा, दुसरा लिओपोल्ड बेर्खटोल्ड १८६३ साली जन्मला. हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा मुत्सद्दी. सप्टेंबर १९०८ मध्ये त्याने याच वाड्यात एक बैठक घडवून आणली. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री एरेन्थाल आणि रशियाचा परराष्ट्रमंत्री इझ्वोल्स्की समोरासमोर बसले. बोस्निया ऑस्ट्रियाने गिळावा, बदल्यात रशियाच्या युद्धनौकांना सामुद्रधुनीतून वाट मिळण्यास ऑस्ट्रियाने आडकाठी करू नये, असा सौदा चालला. बोस्नियातल्या लोकांना कोणी विचारले नाही. नेमके काय ठरले याचा दोघांना मान्य असा कागदही झाला नाही. पुढे दोघे एकमेकांना खोटे ठरवीत बसले. आमच्या कचेरीत साध्या पंख्याच्या खरेदीचेही इतिवृत्त लिहितात!

पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडला आणि युरोपात वैराची आग धुमसू लागली. १९१२ साली हा दुसरा लिओपोल्ड स्वतःच परराष्ट्रमंत्री झाला. २३ जुलै १९१४ रोजी सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत देणारा जो निर्वाणीचा खलिता गेला, तो त्याच्याच मंत्रालयातून. पाच दिवसांनी युद्ध पुकारले गेले आणि तेच पहिले महायुद्ध झाले. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले, सत्तर हजारांहून अधिक परत आले नाहीत. ज्या महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती, त्यांचीही गरज सरकारला याच युद्धात आठवली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. मोराव्हियाच्या सरदाराने सही केलेल्या कागदाची झळ अशी आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचली.

घर एक, घराणे एक, नावही एकच. एकाने त्या वाड्याचे इस्पितळ केले आणि रुग्णांबरोबर मेला. दुसऱ्याने त्याच वाड्यात सौद्याची बैठक बसविली आणि पुढे लाखोंना मरणाच्या वाटेला लावणारा कागद पाठविला. माणूस कोणत्या कुळात जन्मला यावर त्याची थोरवी ठरत नाही, तो काय करतो यावर ठरते, ही तथागतांची शिकवण आपण विहारात नित्य ऐकतो. तिचा दाखला इतक्या दूर, एका सरदाराच्या तसबिरींच्या भिंतीवर मिळेल, असे वाटले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, हा वाडा घराण्याकडून सरकारने ताब्यात घेतला. आज तो राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे. तिकीट काढले की कोणीही आत जातो. ज्यांच्या पणजोबांनी तेथे दगड वाहिले, त्यांची पोरे आज त्या घुमटाखाली उभी राहून छायाचित्रे काढतात. उन्हाळ्यात त्या गावी लसणाचा उत्सव भरतो, आणि सरदाराच्या अंगणात शेतकऱ्याच्या लसणाच्या माळा टांगल्या जातात. वाड्याच्या आवारात जखमी पशुपक्ष्यांचे शुश्रूषा केंद्रही आहे. पंख मोडलेली घुबडे, ससाणे तेथे बरे करतात. एका घुबडाने आमच्याकडे मान फिरवून असे रोखून पाहिले, की भाचा म्हणाला, "मामा, हा तुमचाच हिशेब तपासतोय." पहिल्या लिओपोल्डने लावलेल्या खाटा केव्हाच उचलल्या गेल्या, पण शुश्रूषा त्या आवारात अजून चालू आहे, हे पाहून समाधान वाटले.

तर मग वेठीचा हिशेब मिटला काय? आमच्या मते नाही. ज्यांना मजुरी मिळाली नाही त्यांना ती आता कोणी देऊ शकत नाही. वाडा पाडून ती मिळणार नाही, आणि मालकाच्या तसबिरीपुढे मान लववून तर मुळीच नाही. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, जे श्रमातून उभे राहिले ते सर्वांच्या उपयोगी लावणे. दुसरी, राबणाऱ्यांची आठवण उघड बोलून दाखविणे. त्या मार्गदर्शक मुलीने निघताना सौ.चा हात हातात घेतला आणि भाच्याकरवी सांगितले की तिचे पूर्वजही याच भागातले शेतकरी. यापुढे ती प्रत्येक तुकडीला रोबोताविषयी आपणहून सांगेल. सौ. तिला मराठीतच "शाब्बास, पोरी" म्हणाली. ते भाषांतराशिवाय पोहोचले.

आपली मुले सहलीला कोठेही गेली, रायगडाला, दौलताबादला, कोणा संस्थानिकाच्या राजवाड्याला, तर त्यांच्या वहीत आपण चार प्रश्न लिहून द्यावेत. हे कोणी बांधविले? प्रत्यक्ष कोणी बांधले? त्यांना काय मिळाले? आणि आज ही जागा कोणाच्या उपयोगी पडते? उत्तर मिळाले नाही तरी मुलांनी प्रश्न मोठ्याने विचारावा. आपल्या वस्तीतील समाजमंदिर, वाचनालय, अभ्यासिका यांनाही शेवटचा प्रश्न लागू आहे. वर्गणी काढून, श्रमदानाने आपण त्या वास्तू उभ्या केल्या. तेथे संध्याकाळी दिवा लागतो का, मुले अभ्यासाला बसतात का, एवढे येत्या रविवारी प्रत्येकाने जाऊन पाहावे.